रनिंगमधलं धान

“बाई, काही जळून राहिलं वो,” शकुबाई म्हणाल्या, आणि मी मान न वळवता सांगून टाकलं, “कटरचा वास आहे काकू. पत्रा कापला का येतेच.” हे मी इतक्या सहज म्हणाले की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. मी गुडघे टेकून बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडावर जाडा मास्क, हातात प्लाझ्मा कटरची मूठ. शकुबाईंच्या पांढऱ्या गाडीला आंधळगावच्या रस्त्यावर रानडुक्कर धडकून डावी बाजू पार दबली होती, आणि दाराखालून जी लांब पोकळ पेटी जाते, जिला आम्ही गॅरेजवाले रनिंग म्हणतो, तिचा चेपलेला तुकडा मी कापून काढत होते. खडूनं आखलेल्या रेघेवरून निळा जाळ सरकत होता आणि रेघ सरळ जात होती. माझी रेघ सरळच जाते. फुशारकी नाही, भंडाऱ्यात कोणालाही विचारा. शकुबाई खुर्चीवरून उठल्या. “कटरचा नाही होय. धान हाय ते. धान जळून राहिलं.” आता तुमसर रोडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मोटारीच्या पोटात धान कुठून येणार, असं म्हणून मी हसणार होते, तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरून माझे सासरे येताना दिसले. ताराचंद त्यांचं नाव, आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजींना कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू जात नाही. त्यांना कोणी हाक मारली नव्हती. टपरीवाल्याची पाण्याची बादली उचलून, चपला तिथेच टाकून, रस्त्यावरच्या गाड्यांकडे न बघता ते सरळ चालत येत होते.

“सरक,” ते म्हणाले आणि मी नुकत्याच कापलेल्या फटीतून त्यांनी बादली ओतली. आत चर्र झालं, बराच वेळ होत राहिलं. मग रनिंगच्या तळाला जी बारीक भोकं असतात त्यांतून काळं पाणी आलं, पाण्याबरोबर चिंध्या, कोंडा, करपलेलं धान, आणि त्या सगळ्या काळ्यात चारदोन पांढऱ्याशुभ्र लाह्या. उंदरांनी रनिंगभर कोठार केलं होतं. शकुबाईंनी कपाळाला हात लावला. सबंध पावसाळा गाडी धानाच्या गोडाऊनमध्ये उभी होती, त्या सांगू लागल्या, पोत्यांच्या थप्पीमागे; मालकाचे, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचे, गुडघे गेले, तेव्हापासून त्या स्वतःच गाडी चालवतात, पण धानाच्या बांधीत चिखल असताना गाडी काढून करायचं काय? ही चूक आमच्याच जिल्ह्यात होऊ शकते. नागपूरकडून येणाऱ्या गाड्यांत मला सिगारेटची थोटकं सापडली आहेत, पोरांची खेळणी सापडली आहेत, धान कधी नाही. आमच्याकडे माणसं, धान आणि मोटार एकाच छपराखाली राहतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. कापायच्या आधी मी रनिंगवर बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं होतं. आवाज जरा बसका आला होता. कोणीतरी आतून गंज लागू नये म्हणून डांबरी लेप मारला असेल, असा मी अंदाज केला. अंदाज चुकला, एवढंच. पुढच्या वेळी चुकणार नाही. पण मामाजी बादली खाली ठेवून माझ्याकडे बघत होते. “तुले वास नाही आला?” त्यांनी विचारलं. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, प्रश्न लहान असला तरी. मी मास्ककडे बोट दाखवलं. त्यांनी मास्क हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, स्वतःच्या तोंडाला लावून एक श्वास घेतला आणि मला परत दिला. “यातून बी येते,” ते म्हणाले आणि चपला आणायला गेले. गेले ते परत आले नाहीत, टपरीवरच बसले.

खरं असं आहे की मला वास येत नाही. कशाचाच नाही. कोरोनात गेला. तेव्हा सगळ्यांचाच गेला होता, कोणी हसून सांगायचं की कांद्याचा येईना, कोणी म्हणायचं की चहा म्हणजे गरम पाणी झालं. आणि मग एकेकाचा परत आला. माझा आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, वाट बघा. मी वाट बघितली, मग वाट बघायचंही सोडून दिलं आणि कामाला लागले. नवऱ्याला, राजकुमारला, एवढंच ठाऊक की माझं नाक जरा बसलेलं असतं. तो चिखल्याच्या मँगनीज खाणीवर टिपर चालवतो, सुटी मिळेल तेव्हा येतो, आणि आल्यावर त्याला माझ्या नाकापेक्षा पोटभर जेवण आणि झोप हवी असते. भाजी खाली लागली की मुलगी ओरडते. तिला वाटतं आईचं लक्ष गॅरेजमध्ये. लोकांनी लावलेला अर्थ मी खोडत नाही. कुणी मुद्दाम विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. कारण मामाजींनी मला हे काम शिकवलं ते नाकापासून. लग्न होऊन आले तेव्हा माझ्याजवळ आयटीआयचं वेल्डिंगचं प्रमाणपत्र होतं आणि ते पाहून ते म्हणाले होते, “हे ठीक हाय. आता गाडीचा वास घे.” मला वाटलं थट्टा. पण ते खरोखरच मला प्रत्येक गाडीपाशी उभं करायचे. जळकी तार निराळी, तापलेला ब्रेक निराळा, बॅटरीचं ॲसिड निराळं. पायाखालच्या गालिच्यातून कुबट आलं म्हणजे खालून गंज चढतो आहे, मग वरचा रंग कितीही चकचकीत असो. आणि पेट्रोल. पेट्रोलचा वास आला की हातातलं जे असेल ते खाली ठेवायचं, देवाचा अंगारा असला तरी. “ज्याले वास नाही समजला त्यानं गाडीले जाळ लावू नये,” असं ते म्हणायचे, आणि हे त्यांनी शेडमध्ये कामाला आलेल्या किती जणांना सांगून परत पाठवलं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. मी टिकले. पोरं गेली, राजकुमारही गेला, त्याला पत्र्यात कधी रस नव्हताच, आणि मी टिकले. तर अशा माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

शिवाय मध्येच हे मशीन आलं. त्याआधी आम्ही छन्नी-हातोडीनं पत्रा फोडायचो, नाहीतर गॅसनं कापायचो. छन्नीनं कडा मुरगळते, गॅसनं हातभर रंग जळतो आणि पत्रा तापून वाकडा होतो, मग तो सरळ करण्यात निम्मा दिवस. प्लाझ्माला तेवढा वेळच लागत नाही. मशीनला कोरडी हवा लागते, म्हणून सकाळी आल्या आल्या कॉम्प्रेसरमधलं रात्रभर साचलेलं पाणी मी सोडून देते. गाडीच्या पत्र्यावर एके ठिकाणचा रंग घासून तारेचा चिमटा लावते. मूठ धरते, बटण दाबते, आणि शिंपी खडूच्या रेघेवरून कात्री चालवतो तसा पत्रा दुभंगत जातो. कड इतकी स्वच्छ की नवीन तुकडा कडेला कड लावून जोडता येतो. पहिल्यांदा ती कड बघितली तेव्हा मी मामाजींना हाताला धरून दाखवायला आणलं होतं. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, डोळे मिटून फिरवला, आणि म्हणाले, “झालं मंग.” त्या शब्दांचा अर्थ मला पुढच्या आठवड्यात कळला. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि रस्त्यापलीकडे टपरीवर नेऊन ठेवली. रागानं नाही. स्वतःच्या गॅरेजकडे ते तिकडून गिऱ्हाइकासारखे बघत बसायचे. मला वाईट वाटलं, आणि लाज वाटत नाही सांगायला, थोडा आनंदही झाला.

पण नाकाचं काय? मी जुगाड केलं होतं. पेट्रोलच्या टाकीजवळ काही कापायचं असलं की मी टपरीवरून चहा मागवायचे आणि मामाजींना हातवारे करून इकडे बोलवायचे, नेमका त्या गाडीच्या त्या बाजूला स्टूल मांडून. ते बसायचे, चहा फुंकायचे. मी त्यांच्या नाकपुड्या बघायचे. कपाळाला आठी नाही, बशी सावकाश रिकामी होते आहे, म्हणजे ठीक. एकदा बशी तोंडाशी नेता नेता थांबली. मी काहीच झालं नाही असं दाखवत ती गाडी उन्हात ढकलून दिली आणि टाकीची नळी बदलली. ते म्हणाले, “बरोबर हेरलं.” मी मान डोलावली. असं मी त्यांचं नाक इतके दिवस त्यांना न विचारता वापरत होते, आणि मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. काम चोख होत होतं. एकाही गाडीला ओरखडा आला नव्हता. आणि हेही खरं की वास गेल्यावर माझे कान आणि हात दुप्पट जागे झाले. नोझल झिजलं की जाळाचा आवाज फाटतो, तो मला आता लगेच कळतो. पत्र्याची जाडी मुठीतून कळते. मी आधी बरी होते, आता चांगली आहे.

माहेरच्या बाबतीत मात्र असलं काही जुगाड चाललं नाही. माझं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आम्हाला पुनर्वसनात प्लॉट मिळाला, सरळ रस्ते, एकासारखी एक घरं, झाडं सगळी आमच्यापेक्षा लहान. आई, गिरजाबाई, जुन्या घरातून काय काय घेऊन आली, त्यात एक बांबूची ढोली होती, धान साठवायची, शेणानं सारवलेली. नव्या घरात ती कुठेच बसेना, म्हणून मागच्या पडवीत ठेवली. लग्नानंतर मी माहेरी गेले की आधी त्या ढोलीत डोकं घालायचे. आत गाव असायचं. नदीकाठची ओली माती, भिंत, चुलीचा धूर, आजीचं लुगडं, सगळं एकात एक कालवलेलं, आणि ते मी कोणालाही सांगू शकले नसते, फक्त डोकं आत घालून उभी राहायचे. आई म्हणायची, बाहेर निघ, भूत लागलं का? कोरोनानंतर पहिल्यांदा गेले तेव्हाही मी डोकं घातलं. आत अंधार होता. बांबू होता. मी तिथे उभी राहून लहान पोरीसारखी रडले, कारण गाव दुसऱ्यांदा गेलं होतं, आणि या वेळी त्याची नोटीसही आली नव्हती. आईला सांगितलं की धूळ गेली डोळ्यांत. त्यानंतर मी त्या पडवीकडे जात नाही.

तर त्या दिवशी रनिंगचं झालं, आणि उरलं होतं मागच्या चाकावरचं काम. चाकावरचा पत्रा, आम्ही त्याला गाल म्हणतो, तो डुकराच्या धडकेनं आत गेला होता आणि त्याच्या पाठीमागून पेट्रोल भरायची नळी जाते. जे करायचं ते मी केलेलं होतं. टाकी आदल्या दिवशीच उतरवून शेडच्या मागे नेली होती, नळी काढली होती, बॅटरीची तार सोडली होती, आतल्या बाजूला भिजवलेला बारदाना लावला होता. पण धडकेत नळीला चीर गेलेली असेल, तर पेट्रोल झिरपून आतल्या फोममध्ये बसतं. डोळ्यांना दिसत नाही, हाताला थंड लागतं आणि ओल्या बारदान्याजवळ सगळंच थंड लागतं. तिथे शेवटचा भरवसा नाकाचा. मी चाकापाशी स्टूल मांडलं, चहा मागवला आणि मामाजींना हात केला. त्यांनी तिकडूनच आपला पेला उंच करून दाखवला, म्हणजे माझा झाला. मी पुन्हा हात केला. त्यांनी मान वळवली. मग मी शकुबाईंना म्हटलं, “काकू, इकडे बसा न, इकडे सावली आहे.” त्या बिचाऱ्या आल्या, चाकापाशी बसल्या, पण मघाच्या धुरानं त्यांना ठसका लागला होता, त्यांनी पदर नाकावर घट्ट धरला होता आणि पदरावरून नुसते डोळे दिसत होते. त्या डोळ्यांवरून काय कळणार? मी मूठ हातात घेतली. खडूची रेघ समोर होती. अंगठा बटणावर होता. आणि मला भीती वाटली. मी घाबरट नाही, विजेला भीत नाही, जाळाला भीत नाही, वाकडं बोलणाऱ्या गिऱ्हाइकांना तर मुळीच नाही. पण तेव्हा भ्याले, कारण शकुबाई माझ्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या, मी बसवल्या म्हणून.

मी मूठ ठेवून दिली, त्यांना म्हटलं इकडे नको, तिकडेच बरं, आणि मामाजींची जुनी छन्नी-हातोडी काढली. छन्नीनं मोठी ठिणगी उडत नाही. कड मुरगळेल, वेळ जाईल, पण कोणी विचारणार नाही. दहाबारा घाव घातले असतील. पत्रा हट्टीपणानं आतल्या आत दुमडत होता आणि माझी रेघ, माझी सरळ रेघ, नांगर बुजलेल्या बैलानं ओढावा तशी चालली होती. मला त्या कडेकडे बघवेना. तेवढ्यात माझ्यावर सावली पडली. मामाजी आले होते. चहाला आले नाहीत, आणि हातोडीला आले. आवाज त्यांना ऐकू गेला असेल असं नाही, हात वर-खाली होताना दिसला असेल. “कटर असताना छन्नी काहून?” त्यांनी विचारलं. “मशीन बिघडली का?”

हो म्हणायला काय लागत होतं? नोझल गेलं, हवा ओली येऊन राहिली, काहीही चाललं असतं. त्यांना मशीनमधलं कळत नाही. पण त्या मशीननं मला एकदाही दगा दिलेला नव्हता आणि त्याला नावं ठेवायला माझी जीभ वळेना. मी म्हटलं, “मशीन बरी आहे. मले वास येत नाही.” त्यांनी कानामागे हात धरला. “काय?” मी जरा मोठ्यानं म्हटलं. शेजारी कॉम्प्रेसर हवा भरत होता, त्याचं धडधड चाललं होतं. “काय म्हणतं?” ते अजून जवळ आले. इतकी वर्षं जी गोष्ट मी नवऱ्याच्या कानात सांगितली नाही ती मला रस्त्याच्या कडेला बोंबलून सांगावी लागणार होती. मी मास्क खाली ओढला, छाती भरून घेतली आणि ओरडले, “मले वास येत नाही! कायचाच नाही! कोरोनापासून!” आणि कॉम्प्रेसर भरला म्हणून नेमका माझ्या दुसऱ्या शब्दाला बंद झाला. माझा आवाज पंक्चरच्या दुकानावरून, टपरीवरून, थेट वरठीकडच्या बसवर जाऊन आदळला असेल. टपरीवाला गाळणी हातात धरून तसाच उभा राहिला. शकुबाईंनी पदर नाकावरून खाली घेतला.

मामाजी वळले. भिंतीशी गेले आणि मशीनचा खटका त्यांनी बंद केला. मग परत आले. त्यांचा चेहरा मला रागाचा वाटला आणि मी भांडायच्या तयारीत उभी राहिले. “म्हणजे त्या जिल्हा परिषदेवाल्याची जीप?” ते म्हणाले. “त्या मास्तरची गाडी? टाकी नव्हती उतरवली आपण त्याची.” मी ओरडूनच म्हटलं, “तुम्ही चहा पेत होते न तिथं.” त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसे ते त्या स्टुलावर बसले. “तुले काही झालं असतं न,” ते म्हणाले, आणि त्यांच्या तेवढ्या मोठ्या आवाजाला मध्येच चीर गेली, “तं मी पोराले काय सांगतलो असतो? मी चहा पेऊन राहिलो होतो म्हणून?” मी भांडण तयार ठेवलं होतं ते जागच्या जागी राहिलं. मला वाटत होतं ते म्हणतील, वास नाही तर काम नाही. आणि ते म्हणालेच. “आता बंद. मशीनले हात नाही लावाचा.”

“लावीन,” मी ओरडून म्हटलं, आता लपवायला काही राहिलं नव्हतं. रनिंगचा कापलेला तुकडा उचलून मी त्यांच्या मांडीवर ठेवला. “कड पाहा. आंगठा फिरवा. कोणाले येते अशी? नाक माहं गेलं, हात नाही गेला. नाक तुमचं आहे न? तुम्ही तिकडे रस्त्यापलीकडे काहून बसता? इथं बसा. मी म्हणीन सुंघा, तं सुंघा. तुम्ही म्हणान थांब, तं थांबीन.” त्यांनी अंगठा फिरवला नाही. तुकडा मांडीवर तसाच होता. “मले वाटलं, तुले आता माही गरज नाही,” ते म्हणाले. हे त्यांनी हळू म्हटलं, म्हणजे त्यांच्या हिशेबानं हळू. गरज नाही असं मलाही वाटलं होतं, आणि त्याच वेळी त्यांचं नाक मी रोज चोरून वापरत होते.

मग ते उठले. टॉवेल कमरेला बांधला, चाकाच्या खाचेपाशी दोन्ही हात आणि गुडघे टेकले आणि त्या वयाचा माणूस लहान पोर खाटेखाली शिरतं तसा आत शिरला. आम्हाला नुसते त्यांचे तळवे दिसत होते. बराच वेळ ते आत होते. शकुबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि आम्ही दोघी त्या तळव्यांकडे बघत होतो. आतून आवाज आला, “हाय.” मी विचारलं काय आहे, पण ते त्यांना कुठलं ऐकू जाणार? ते मागे सरकत बाहेर आले, हातात काळ्या फोमचा तुकडा. त्यांनी तो माझ्या नाकापुढे धरला, सवयीनं, जसा पूर्वी धरायचे. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो शकुबाईंपुढे धरला. शकुबाईंनी तोंड फिरवलं. “पेट्रोल,” त्या म्हणाल्या. “चांगलं सणसणीत हाय वो.” छन्नी घेतली म्हणून, नाहीतर अंगठा बटणावर होताच. मला त्या क्षणी काही मोठा विचार सुचला नाही. फक्त मी शकुबाईंचा दंड धरला आणि त्यांनी धरू दिला.

आम्ही सगळा फोम ओरबाडून काढला, लांब नेऊन टाकला, पत्रा आतून पुसला, धुतला, कॉम्प्रेसरची हवा मारत राहिलो. मामाजी मध्येमध्ये आत शिरत आणि बाहेर येऊन मान हलवत, नाही, अजून नाही. कोणाला घाई नव्हती. टपरीवाल्यानं स्वतःहून मामाजींची खुर्ची उचलून इकडे आणून दिली. शेवटी मामाजींनी शकुबाईंनाही वाकायला लावलं, त्यांनीही हुंगलं, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मामाजींनी भिंतीशी जाऊन खटका आपल्या हातानं चालू केला. “काप,” ते म्हणाले. ओल्या बारदान्यावर आणखी एक ओला बारदाना टाकून, बादली घेऊन ते चाकापाशी उभे राहिले.

मी छन्नीनं बिघडवलेली कड सोडून बोटभर आतून नवी रेघ आखली. बटण दाबलं. जाळ आला, निळा, बारीक, त्याचा आवाज स्वच्छ होता. कोरोनानंतर पहिल्यांदा मी कापताना कोणाच्या चेहऱ्याकडे चोरून बघत नव्हते. सगळं लक्ष मुठीत होतं आणि मूठ हलकी झाली होती. चाकाच्या गोलाईवरून वळण घेताना भल्याभल्यांचा हात अडखळतो, माझा अडखळला नाही. गालाचा तुकडा सुटून बारदान्यावर पडला तेव्हा मी चष्मा न काढताच विचारलं, “काकू, कसा वास येते?” शकुबाई म्हणाल्या, “पेट्रोलचा नाही. भेऊ नको.” मी म्हटलं, “तसं नाही. मले ऐकाचं आहे. काय काय येते ते सांगा.” त्या गोंधळल्या. असं कोणी कोणाला विचारतं का? पण बाई समजूतदार, त्यांनी डोळे मिटले. “तापलेल्या लोखंडाचा येते. कसा सांगू, जिभेवर आल्यावानी. रंग जळला त्याचा येते, तो नाही चांगला. टपरीवर आलं ठेचून राहिला तो. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला न आता, त्याच्यात नवं धान होतं, वल्लं. तुह्या मामाजीच्या तंबाखूच्या खर्ऱ्याचा येते.” त्या थांबल्या. “आन् काय सांगू?”

मी म्हटलं, “माहा कसा येते?” हे विचारायचं मी ठरवलं नव्हतं. इतक्या दिवसांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मला स्वतःला कळायची सोय नव्हती. मी आंघोळ करते, साबण लावते, मुलगी गळ्यात पडते, नवरा कुशीत घेतो, आणि मला आतून वाटत राहतं की आपल्या अंगाला जळक्या पत्र्याचा येत असेल आणि हे लोक मायेनं बोलत नसतील; किंवा कसलाच येत नसेल, रिकाम्या ढोलीसारखा. शकुबाई पुढे आल्या. माझा मास्क त्यांनी बाजूला केला, माझ्या मानेपाशी, कानाच्या खाली, नाक टेकवलं आणि तान्ह्या पोराचा घ्यावा तसा एक लांब श्वास घेतला. “घामाचा येते,” त्या म्हणाल्या. “खोबऱ्याच्या तेलाचा. मिरची कुटली होती का सकाळी? तिचा बी हाय. बाईमाणसाचा येते वो, आणखी कायचा येईन? मस्त येते.”

मला रडू आलं. काळ्या चष्म्याच्या आत, भरपूर, आणि मी हसतही होते. मामाजी बादली सरसावून पुढे झाले. त्यांना यातलं अक्षर ऐकू गेलं नव्हतं, त्यांनी एवढंच पाहिलं होतं की ती बाई मला हुंगते आहे आणि माझे खांदे हलताहेत. “काय झालं? कायचा वास येऊन राहिला?” ते ओरडले. “थांबवू का मशीन? कायचा येऊन राहिला?”

“माहा!” मी ओरडले. त्यांनी कानामागे हात धरला, तशी मी आणखी जोरानं, अख्ख्या तुमसर रोडला ऐकू जाईल असं ओरडले, “माहा येऊन राहिला, मामाजी! माहा!”